एकटीने लांबचा प्रवास: मधल्या महिन्यांचं काय करता?

खुंटीवरची_सॅक

इथे एकट्याने केलेल्या ट्रिपांचे धागे भरपूर आहेत. व्हिसा कसा काढला, खर्च किती आला, काय चुकवू नये, सगळं सापडतं. मला जे विचारायचंय ते मात्र कुणी फारसं लिहीत नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय.

मे ते नोव्हेंबर मी बाहेर होते. कझाकस्तानात अल्माटीला उतरले, तिथून किर्गिझस्तान, उझबेकिस्तान, मग विमानाने जॉर्जिया आणि शेवटी आर्मेनिया. (कॅस्पियन समुद्र बोटीने ओलांडायचं मनात होतं, पण अझरबैजानने २०२० मध्ये प्रवाशांसाठी बंद केलेल्या सीमा तेव्हाही उघडल्या नव्हत्या.) नोकरी सोडली होती, पैसे साठवलेले होते, घरी सांगून गेले होते. ब्रेकअप नाही, बंड नाही. तेवढं आधीच सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो.

सुरुवात हवेतच होती. अल्माटीहून तुर्किस्तान शहराला रात्रीच्या गाडीने गेले. प्लात्सकार्त म्हणजे दारं नसलेला स्लीपर डबा, ५४ बर्थ, टोकाला फुकट गरम पाण्याचा समोवार. समोरच्या आजीबाईंनी वर्तमानपत्र पसरलं, उकडलेली अंडी काढली, पुरचुंडीतलं मीठ काढलं. काकडी उभी चिरून मीठ लावलं आणि दोन्ही फाका एकमेकींवर फेस येईपर्यंत घासल्या. मी बघतच राहिले. एक फाक माझ्या हातात आली, ती खाऊन होईपर्यंत दुसरी तयार. मला रशियन येत नव्हतं, त्यांना दुसरं काही येत नव्हतं. नातवंडांचे फोटो बघून झाले, माझ्या भाचीचे दाखवून झाले, आणि त्यांनी मला हाताने खूण करून झोपायला लावलं. इतकी गाढ झोप मला घरी लागत नाही.

मग किर्गिझस्तानात सोंग-कुल. ३,०१६ मीटरवरचं तळं, भोवती उन्हाळ्यापुरते युर्ट, म्हणजे नमद्याचे गोल तंबू. तिथे दिवसातून बऱ्याचदा घोड्यांचं दूध काढतात. आधी शिंगरू लावायचं, पान्हा सुटला की त्याला ओढून बाजूला धरून ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्या घरच्या बाईने न विचारता दोर माझ्या हातात दिला. शिंगराने मला दोनदा चिखलात बसवलं. अख्ख्या प्रवासातला सगळ्यात आनंदाचा दिवस कुठला विचाराल तर तो. तळं मी धड पाहिलंही नाही.

आता खाली कधी गेले ते. लोकांना वाटतं ताप आला, पैसे संपत आले, सीमेवर अडवलं, अशा वेळी माणूस खचतं. माझं उलट झालं. किर्गिझस्तानातच ओश शहरात सणकून ताप भरला. गेस्टहाऊसवाल्या मावशींनी चहात रासबेरीचा मुरंबा ढवळून पाजला, मोजे घातले नाहीत म्हणून झापलं, खिडकी उघडली म्हणून पुन्हा झापलं. मी पडून होते आणि मनाने अगदी शांत होते. एका विमानतळावर पासपोर्ट बघून बाजूला बसवलं, परतीचं तिकीट, बँकेचे कागद, हॉटेलची बुकिंगं, सगळं दोन-दोनदा तपासलं. मागून आलेले युरोपियन हसत पुढे गेले. संताप संताप झाला. पण संतापाने माणूस खचत नाही, ताठ होतं.

खचले उझबेकिस्तानात, बुखाऱ्यात. सप्टेंबर, हवा सोन्यासारखी, पोट ठीक, खोली स्वच्छ, पैसे होते. ल्याबी-हौज तलावाकाठी बसले होते, शेजारी पाचशे वर्षांची म्हणतात ती तुतीची झाडं. काहीच वाटेना. दुसऱ्या दिवशी कल्याण मिनारापुढे उभी राहिले. ११२७ सालचं वीटकाम, एका पट्ट्यासारखा दुसरा पट्टा नाही. डोक्यात काय चाललं होतं? फोन चार्ज करायचाय. तिसऱ्या दिवशी खोलीबाहेर पडलेच नाही.

ते नेमके गणपतीचे दिवस. घरच्या ग्रुपवर आरतीचे व्हिडिओ यायचे, अडकत अडकत उघडायचे. आरती चुकल्याचं दुःख नव्हतं, दरवर्षी मी आरतीच्या वेळी स्वयंपाकघरातच असते. झोंबलं ते वेगळंच. मखर वेळेवर झालं होतं, मोदक नीट वळले होते, माझी पानं वाढायची जागा आतेबहिणीने घेतली होती आणि तिला ते छान जमत होतं. माझ्यावाचून काही म्हणजे काही अडलं नव्हतं. आईने विचारलं, कशी आहेस? म्हटलं, मस्त.

त्यात हॉस्टेलमधल्या ओळखी. कुठली, किती दिवस झाले, पुढे कुठे. तोच फॉर्म रोज नव्या माणसापुढे भरायचा. तिसऱ्या दिवशी जीव लागतो, चौथ्या दिवशी त्याची बस असते. सुरुवातीला निरोप घेताना गळा दाटायचा. पुढे दाटेनासा झाला, आणि मला भीती वाटली ती त्याची.

खिवा कसंबसं पाहिलं. जॉर्जियात तिबिलिसीला उतरल्यावर फिरणंच थांबवलं. एका म्हाताऱ्या जोडप्याकडे महिन्याने खोली घेतली. खाली तळघरात पावाची भट्टी होती. जमिनीत पुरलेल्या रांजणासारख्या तोनेच्या आतल्या भिंतीवर होडीसारखा लांबट पाव थापतात, आपल्या तंदूरसारखंच. रोज एक घ्यायचे. एकदा दोन दिवस गेले नाही, तर भट्टीवाला रस्त्यापलीकडून ओरडला, कुठे होतीस? त्यानंतर हळूहळू डोळे पुन्हा दिसतं ते पाहायला लागले.

माझं मत असं झालंय: मधल्या महिन्यांत मन जातं ते हालांमुळे नाही, रोज नवं गाव गाठत राहिल्यामुळे. उपाय एकच, मुक्काम ठोकायचा. पण हे माझ्या एकटीचं असू शकतं. लांब फिरलेल्यांनी सांगा, तुमचं मधे काय झालं, आणि परत आल्यावर काय झालं? टिप्स नकोत, टिप्स खूप आहेत.

वेताळटेकडीवरून

वाचनखूण साठवली. 'टिप्स नकोत' याबद्दल विशेष आभार.

स्पष्टच_सोलापूर

लेखन चांगलं आहे. पण ताई, राग मानू नका. नोकरी सोडून सहा-सात महिने फिरायचं आणि बुखाऱ्यात बसून 'काहीच वाटेना' म्हणायचं, हे दुःख आमच्या खिशाला झेपणारं नाही. माझा थोरला भाऊ कतारला आहे. दोन वर्षांनी एकदा येतो. तोही परदेशात, तोही घरच्यांपासून लांब, एका खोलीत सहाजण. त्याला कुणी विचारत नाही मधल्या महिन्यांचं काय करतोस. दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

खुंटीवरची_सॅक

दिवे घेतले. हौसेचं दुःख आहे, कबूल. आर्मेनियात येरेवानला स्कूटरवरून डबे पोचवणारी आपल्याकडची बरीच मुलं भेटली. त्यातल्या पंजाबच्या एकाने मला विचारलं होतं, "दीदी, आप पैसे देकर यहाँ आयी हो?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. पण भावाला एकदा विचारून बघा ना, आणि इथे लिहा. मला खरंच ऐकायचंय.

बिश्केक_रिटर्न

किर्गिझस्तान वाचून थांबलो. मी तिथे एमबीबीएस केलं, बिश्केकला. आमच्या बॅचमध्ये लातूर, नांदेड, बीडची इतकी मुलं होती की मेसमध्ये मराठीच चालायची. तुमच्यासारखे बॅकपॅकवाले उन्हाळ्यात दिसायचे, सप्टेंबर संपला की गायब. राहतो आम्ही. नोव्हेंबरनंतर कोळशाचा धूर शहरावर बसतो, दुपारी चारला दिवे लागतात असं वाटायला लागतं.

तुमचा मुद्दा मला पटला तो वेगळ्या कारणाने. १७-१८ मे २०२४ च्या रात्री बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या हॉस्टेलांवर जमाव चालून गेला होता, बातम्यांत आलं होतं. दूतावासाने बाहेर पडू नका म्हणून सांगितलं. आम्ही दिवे बंद करून, पलंग दाराला लावून बसलो होतो. भीती किती होती ते लिहीत नाही. पण एकटं वाटलं नाही. कुणीतरी अंधारात मॅगी केली. एकटं वाटलं ते शेवटच्या वर्षी, परीक्षा संपल्यावर, निकालाची वाट बघताना. हातात पंधरा दिवस, खिशात थोडे पैसे, फिरायला अख्खा देश, आणि मी गादीवर पडून छताकडे बघतोय. इस्सिक-कुल तळ्यावर सुद्धा गेलो नाही.

जाता जाता, कराकोलला गेला असाल तर आशल्यान-फू खाल्लंत का? थंडगार, तिखट, आंबट नूडल्स. हँगओव्हरवर रामबाण.

खुंटीवरची_सॅक

खाल्लं. शाकाहारी नसल्याचे जे फायदे असतात त्यातला तो एक.

थांबा_क्रमांक_४

धागाकर्तीशी असहमत. मुक्काम ठोकणे हा उपाय नाही, माझ्या बाबतीत तोच रोग ठरला.

व्हिएतनाम आणि लाओस करून मी चिआंग माईला महिन्याची खोली घेतली होती, अगदी तुमच्याच हिशेबाने. पाट्या टाकत फिरतोय असं वाटायला लागलं होतं, म्हटलं थांबू. महिना मार्च. तेव्हा उत्तर थायलंडमध्ये शेतं आणि रानं जाळतात, धुराने डोंगर दिसत नाही, बाहेर पडलं की घसा धरतो. खोलीत एसी, दारात जेवण, उठायला कारण नाही. दहाव्या दिवशी मी दुपारी दोनला दात घासत होतो. भट्टीवाला तुम्हाला भेटला हे नशीब म्हणा. मला सेव्हन-इलेव्हनचं सरकतं दार भेटलं.

त्याआधीचा माझा सगळ्यात चांगला काळ कुठला? हुआय साईहून लुआंग प्रबांगची संथ बोट. मेकाँग नदीवरून दोन दिवस. मोटारींतून काढलेल्या सीटा फळ्यांवर ठेवलेल्या. मधली रात्र पाकबेंग नावाच्या गावात, सकाळी पुन्हा बोट. नेटवर्क नाही. चढता-उतरता येत नाही, वेग वाढवता येत नाही, दुसरी बोट शोधता येत नाही. शेजारी एक लाओ कुटुंब कोंबड्यांची पाटी घेऊन बसलं होतं. पोराने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून दोन तास झोप काढली, मी हललो नाही. त्या दोन दिवसांत मला काहीही ठरवायचं नव्हतं.

तुमची आगगाडी, तुमचं शिंगरू, तुमचा ताप. तिन्ही ठिकाणी पुढचं काय ते दुसऱ्या कुणीतरी ठरवलं होतं. बुखाऱ्यात सगळं तुमच्या हातात होतं. फिरणं आणि थांबणं हा झगडाच नाही, असं आपलं माझं मत.

खुंटीवरची_सॅक

@थांबा_क्रमांक_४, दोनदा वाचलं. शिंगराचं पटलं. घरी असताना 'मला माझं ठरवू द्या' म्हणून भांडून गेलेली मी, तिकडे कुणी दोर हातात दिला की खूश, हे पचायला वेळ लागेल.

रेवाकाठचा

यात आमच्या परिक्रमेबद्दल लिहायचा मोह आवरत नाही. परदेश पाहिलेला नाही, पण ओंकारेश्वरहून पायी परिक्रमा उचलली होती. तीही एकट्याने. नर्मदा उजव्या हाताला ठेवायची, प्रवाह ओलांडायचा नाही, साठा करायचा नाही, मिळेल ते घ्यायचं. सदावर्तात शिधा मिळतो, कुठे कुणी हाक मारून जेवायला बसवतं. कुठल्या रस्त्याने जायचं हा प्रश्न नदीने सोडवलेला. आणि तुम्ही कोण हाही सोडवलेला. पांढरे कपडे, हातात दंड, कमंडलू, म्हणजे परिक्रमावासी. नाव कुणी विचारत नाही. "नर्मदे हर" एवढी ओळख पुरते. तुमचा तो रोजचा फॉर्म तिथे भरावा लागत नाही.

म्हणून मन जात नाही असं समजू नका. शूलपाणीच्या झाडीतून पुढे आल्यावर, सगळं अवघड मागे पडल्यावर, गुजरातच्या सपाटीवर केळीच्या बागांतून चालताना मला घरची इतकी आठवण झाली की एका आश्रमात बसून राहिलो. तिथल्या म्हाताऱ्या महाराजांना सांगितलं. त्यांनी काही उपदेश केला नाही. म्हणाले, उद्या भांडी घास. घासली. चार दिवस घासली. मग निघालो.

कोरा_चहा

वरच्या सगळ्या पुरुष आयडींनी एक गोष्ट सोडली. (धागाकर्तीनेही सोडली, बहुतेक मुद्दाम.) एकट्या बाईचा अर्धा जीव सावध राहण्यात जातो. खोलीला कडी आहे का, कडी आतून लागते का, गाडीत ड्रायव्हरमागची सीट मिळेल का, नवरा कुठे आहे म्हणून विचारलं तर आज काय सांगायचं. मी तुर्कस्तान आणि जॉर्जियात खोटी अंगठी घालून फिरले. माझा 'नवरा' कधी हॉटेलात झोपलेला असायचा, कधी उद्या येणार असायचा. वाईट अनुभव एकही आला नाही, उलट बायाबापड्यांनी डोक्यावर घेतलं. पण वाईट काही घडलं नाही म्हणून सावध राहण्याचा खर्च वाचत नाही. तो रोज होतोच.

माझी वाईट वेळ ठरलेली, कातरवेळ. पुरुष त्या वेळी बाहेर पडतात, बिअर घेतात, कुणाशी तरी बोलतात. मी खोली गाठलेली असायची. पाच ते आठ. खाली रस्त्यावर गाव जागं होतंय आणि आपण वरून खिडकीतून बघतोय. दिवसभर पाहिलेलं सगळं त्या तीन तासांत उतरायचं. पुढे पुढे मी तेव्हा स्वयंपाक करायला लागले. हॉस्टेलच्या ओट्यावर कांदा चिरायला घेतला की कुणीतरी येऊन उभं राहतंच. जॉर्जियात राजम्यासारखं लोबिओ मिळतं मातीच्या भांड्यात, मक्याच्या भाकरीबरोबर. ते कसं करतात ते एका मालकिणीने शिकवलं, मी तिला फोडणी शिकवली. कढीपत्ता नव्हता, तिने कोथिंबीर दिली.

वेताळटेकडीवरून

प्रतिसाद धाग्याच्या पुढे चाललेत. कोरा_चहा यांना अनुमोदन. माझी बायको शेजारी बसून वाचतेय, ती म्हणतेय हे फिरण्यापुरतंच नाही, पुण्यात पीजीत राहत होती तेव्हाही कातरवेळ तशीच होती.

दोघींची_आई

मी इथे फक्त वाचते. लिहायची सवय नाही, चुका पोटात घाला.

माझी धाकटी दक्षिण अमेरिकेत बरेच महिने फिरली. तिकडे रात्र तेव्हा इकडे सकाळ. तिने फोनवर ते ठिपक्याचं चालू करून दिलं होतं, कुठे आहे ते दिसतं. पहाटे उठून दूध तापत ठेवलं की आधी ठिपका बघायचा. बोलिव्हियात ला पाझहून उयुनीला रात्रीच्या बसने निघाली, तर ठिपका रात्रभर रानात एका जागी. नेटवर्क नव्हतं म्हणून, हे मला मोठीने समजावलं. समजलं, पण हात कामाला लागेना. आमची सकाळ टळून गेल्यावर तो उयुनीत उमटला.

सॅकबाई, तू लहान आहेस म्हणून अगं म्हणते. तू आईला 'मस्त' म्हणालीस ना, आईला कळलं होतं. आमची खरंच बरी असली की तक्रारी करते. डास आहेत, भात कच्चा आहे, बस उशिरा आली, सगळं महाग आहे. ते ऐकलं की मला झोप लागते. 'मस्त आहे गं' म्हणाली की मी समजायचे, काहीतरी आहे. विचारायचं नाही, मग ती आणखी मिटते. मी आपली इकडच्या तिकडच्या बातम्या सांगत बसायचे. शेजारच्यांनी गाडी घेतली, मांजर व्याली. ती नुसती ऐकायची, फोन ठेवायची नाही.

आणि खोटं काय एकटी तीच बोलत होती? ह्यांना स्टेंट घातला ते मी तिला तीन आठवड्यांनी सांगितलं. चिडली, रडली. म्हणाली, माझ्याशिवाय तुमचं सगळं चालतं. तुझं ते मोदकांचं वाचलं तेव्हा तिचं तेच वाक्य आठवलं. चालवावं लागतं गं. तू निश्चिंत फिरावंस म्हणून चालवून दाखवतात.

खुंटीवरची_सॅक

काकू, हा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, "मग? मी काय वेगळं सांगत होते?" सांगितलं मात्र तिने तेव्हा काहीच नव्हतं. आत्ता फोन हातात घेऊन तुमचं पुन्हा वाचतेय.

मडगांवकार

अवांतर, पण जॉर्जिया निघालंच आहे तर. केतेवान राणीबद्दल कुणाला माहीत आहे? जॉर्जियाची राणी, १६२४ मध्ये इराणात शिराझला धर्म सोडत नाही म्हणून हाल करून मारली. ऑगस्टिनियन पाद्र्यांनी तिचे अवशेष गोव्यात आणले. जुन्या गोव्याच्या सांत आगुस्तीनच्या पडक्या वास्तूत उत्खननात हाड सापडलं, हैदराबादला डीएनए तपासणी झाली, आणि २०२१ मध्ये भारताने ते अवशेष जॉर्जियाला दिले.

मी तिबिलिसीला गेलो तेव्हा माझाही तो मधला पडका काळ चालू होता. एका चर्चमध्ये नुसता बसलो होतो. मेणबत्त्या विकणाऱ्या बाईने विचारलं, कुठला? रोज इंडिया म्हणायचो, त्या दिवशी तोंडातून गोवा निघालं. ती उभीच राहिली. "गोवा? केतेवान?" दुसऱ्या दोघींना बोलावलं. तिघी माझा हात धरून जॉर्जियनमध्ये बोलत होत्या, मी मान हलवत होतो. मी काय केलं होतं त्यात? लहानपणी शाळेच्या सहलीला त्या पडक्या मनोऱ्याखाली डबा खाल्लाय, तेवढाच माझा संबंध. पण त्या दिवशी मी तिथे कुणीतरी होतो. देव बरें करूं.

तारेचा_खांब

परत आल्यावर काय, हे विचारलं होतंत, त्यावर कुणी लिहिलं नाही. मी निवृत्त झाल्यावर एकटा फिरलो, श्रीलंका, व्हिएतनाम, कंबोडिया. परत आल्यावर लोक साधारण दोन मिनिटं ऐकतात. अंकोरवाटला उठून बसतात, पण त्यानंतर "तिकडे झुरळं खातात म्हणे" यावर येतात. मग आपण गप्प बसायला शिकतो.

माझा नेम होता, रोज रात्री जमाखर्च लिहायचा. पाणी, बस, नारळ, देवळाची पेटी. ऑफिसची सवय. भावना वगैरे लिहिल्या नाहीत, येतही नाहीत. आज ती वही काढली की "नारळ, दोन" एवढ्यावरून मला ती बाई, तो कोयता, तो पाऊस सगळं दिसतं. दुसरा नारळ तिने पैसे न घेता दिला होता, म्हणून जमेत लिहिलाय.

स्पष्टच_सोलापूर

भावाला विचारलं. आधी हसला. म्हणाला, हे काय विचारतोस. मग म्हणाला, कामाच्या दिवसांचं काही नाही, ते जातात. शुक्रवार नको वाटतो. सकाळी कपडे धुवून झाले, नमाजाला जाणारे गेले, की दुपारी काय करायचं कळत नाही. गावाकडे फोन करावा तर इकडे सगळे कामात. म्हणून बरेचजण शुक्रवारीही ओव्हरटाइम मागून घेतात, पैशासाठी म्हणून, पण पैशासाठीच असं नाही.

हे त्याने मला इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. विचारलंही नव्हतं. माझा वरचा प्रतिसाद तसाच ठेवतो, मुद्दा सोडलेला नाही. पैशाचा फरक आहेच. पण दुपार सारखीच दिसते.

थांबा_क्रमांक_४

@स्पष्टच_सोलापूर, टोपी काढली. भावाला सांगा, शुक्रवारी दुपारी तीनला इथे कुणीतरी ऑनलाइन असतंच.

नवखी_नाशिक

सगळं वाचून घाबरायला झालं. पुढच्या महिन्यात अल्माटीला उतरतेय, तीन महिन्यांसाठी, पहिल्यांदाच एकटी. एकच विचारते: पहिल्याच आठवड्यात रडू आलं तर तिकीट बदलून परत यावं का? आणि सॅक किती लिटरची?

खुंटीवरची_सॅक

पहिल्या आठवड्यातलं रडू वेगळं. ते झोपेचं आणि पोटाचं असतं. त्यावर काही ठरवू नकोस, दोन दिवस नीट जेव आणि झोप. त्यानंतरही यावंसं वाटलं तर खुशाल ये, त्यात हार वगैरे काही नाही. तारीख बदलता येईल असं तिकीट काढ, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

सॅक चाळीस लिटर पुरे. कझाकस्तानात आपल्याला १४ दिवस व्हिसा लागत नाही, किर्गिझस्तानचा ई-व्हिसा मात्र इथूनच काढून जा आणि त्याची छापील प्रत ठेव. अल्माटीहून बिश्केकला मार्शरुत्का (वडापसारखी मिनीबस) सायरान बसस्थानकातून मिळते. कोर्दाईच्या सीमेवर सामान घेऊन उतरायचं, पायी पलीकडे जायचं आणि गाडी शोधायची, म्हणून आधीच नंबरप्लेटचा फोटो काढून ठेव. ड्रायव्हर फार वेळ थांबत नाहीत. बाकी व्यक्तिगत निरोप पाठव, ओशच्या मावशींचा पत्ता देते. मोजे घेऊन जा.